विद्यापीठजन्य कंपन्यांचे नेतृत्व आणि अनुभवी उद्योजकाचा शोध : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

विद्यापीठ वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निर्माण झालेल्या तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या कंपनीचे नेतृत्व कोणी करावे, हा प्रश्न भारतीय उच्च शिक्षणाच्या धोरणचर्चेत दुय्यम राहिला आहे. ‘राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण २०१९’ मालकी, रजा आणि बौद्धिक संपदा यांविषयी तपशीलवार बोलते. परंतु बाहेरच्या अनुभवी उद्योजकाला कंपनीच्या प्रमुखपदी आणण्याचा मार्ग ते आखत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली आहे. पालघर परिसरातील महाविद्यालयांच्या शेजारीच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील अनुभव ही या शोधाची मोठी संधी आहे; मात्र त्या अनुभवाची पारख केल्याखेरीज तो स्वीकारणे धोक्याचे ठरेल, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विद्यापीठजन्य कंपनी, प्रतिनिधी उद्योजक, तंत्रज्ञान हस्तांतरण, तारापूर औद्योगिक वसाहत, नवोपक्रम धोरण.

१. प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात एकीकडे जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी प्रदेश, दुसरीकडे सातपाटी-मुरबे-नवापूरची मच्छीमार किनारपट्टी आणि या दोहोंच्या मध्ये बोईसर-तारापूरची रासायनिक व पोलाद उद्योगांची वसाहत आहे. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय, सेंट जॉन अभियांत्रिकी महाविद्यालय आणि बोईसरचे थीम अभियांत्रिकी महाविद्यालय या संस्था या औद्योगिक पट्ट्याच्या अगदी निकट आहेत. रेल्वेने पालघरहून निघाल्यावर उमरोळी आणि त्यानंतर बोईसर लागते.

२०१८ पासून देशभरातील महाविद्यालयांत ‘इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल’ स्थापन होऊ लागल्या. व्याख्याने, कल्पना-स्पर्धा, पेटंटविषयक कार्यशाळा यांची वार्षिक दिनदर्शिका तयार झाली. या उपक्रमांचे मूल्य नाकारता येत नाही. तथापि पारितोषिक मिळविलेल्या कल्पनेचे पुढे काय होते, हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते. प्राध्यापकांना अध्यापनाचा, परीक्षांचा व मूल्यांकनाचा भार असतो, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि कल्पना अहवालात राहते. कल्पना, पेटंट आणि अल्प निधी या तीनही गोष्टी असूनही कंपनी उभी राहत नाही, याचे एक प्रमुख कारण ती चालविणारी व्यक्ती नसणे हे आहे.

२. संकल्पना व तिची पूर्वपीठिका

विद्यापीठातील संशोधनातून निघालेल्या तंत्रज्ञानावर आधारित स्वतंत्र कंपनीला येथे ‘विद्यापीठजन्य कंपनी’ म्हटले आहे. अशा कंपनीचे नेतृत्व संशोधकाने स्वतः न करता बाहेरून आलेल्या अनुभवी व्यक्तीने करावे, या व्यवस्थेतील त्या व्यक्तीस ‘प्रतिनिधी उद्योजक’ अशी संज्ञा वापरता येईल. फ्रँकलिन, राइट आणि लॉकेट या अभ्यासकांनी २००१ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांचा अभ्यास करून असे दाखविले की, ज्या विद्यापीठांतून अधिक कंपन्या निघतात त्यांचा प्रतिनिधी उद्योजकाकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक अनुकूल असतो. त्यांचा निष्कर्ष संशोधकाला वगळण्याचा नव्हता. संशोधकाचे तंत्रज्ञान आणि बाहेरच्या व्यक्तीचे व्यावसायिक ज्ञान यांची सांगड अधिक फलदायी ठरू शकते, असे त्यांनी सुचविले.

या सांगडीची दोन उदाहरणे जगभर परिचित आहेत. १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर यांच्याशी रॉबर्ट स्वॉन्सन यांनी संपर्क साधला आणि ‘जेनेन्टेक’ची स्थापना झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून १९९८ मध्ये निघालेल्या ‘गुगल’ने २००१ मध्ये ‘नॉव्हेल’चे माजी प्रमुख एरिक श्मिट यांना मुख्य कार्यकारी अधिकारी केले. या दोन उदाहरणांतील भेद मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. श्मिट यांच्यापाशी मोठ्या कंपन्या चालविण्याचा दीर्घ अनुभव होता. स्वॉन्सन यांचे वय त्या वेळी तीसपेक्षा कमी होते आणि त्यांनी पूर्वी कोणतीही कंपनी चालविलेली नव्हती. भांडवल पुरविणाऱ्या संस्थेत काम केल्यामुळे गुंतवणूकदार काय विचारतो हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे ‘अनुभवी’ या विशेषणाचा अर्थ वर्षांच्या संख्येने ठरत नाही. कंपनीच्या त्या टप्प्यावर कोणत्या ज्ञानाची उणीव आहे, यावर तो ठरतो.

३. भारतीय अनुभवाचे स्वरूप

भारतात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या प्रकारे दिली गेली. तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे या परिसराला जवळच्या असलेल्या अणुऊर्जा विभागातच दोन भिन्न नमुने आढळतात. तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून १९६७ मध्ये हैदराबादची ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ निघाली आणि तिचे नेतृत्व त्याच केंद्रातील शास्त्रज्ञ ए. एस. राव यांनी केले. याउलट कर्करोगावरील उपचारासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे टेलिकोबाल्ट यंत्र उत्पादनासाठी बंगळूरच्या ‘पॅनेशिया मेडिकल टेक्नॉलॉजीज’कडे सोपविण्यात आले. पहिल्या नमुन्यात शास्त्रज्ञ उद्योगप्रमुख झाला. दुसऱ्यात शास्त्रज्ञ आपल्या जागी राहिला आणि उद्योजक पुढे आला.

विद्यापीठांच्या क्षेत्रात भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांनी २००० मध्ये ‘स्ट्रँड जिनोमिक्स’ स्थापन केली व तिचे नेतृत्वही त्यांच्यापैकीच विजय चंद्रू यांनी केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. शशिकांत सूर्यनारायणन यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह २००७ मध्ये ‘सेडेमॅक मेकॅट्रॉनिक्स’ उभारली. प्राध्यापक उद्योग चालवू शकत नाही, हे सरसकट विधान या उदाहरणांपुढे टिकत नाही. त्याच संस्थेतील डॉ. राहुल पुरवार यांच्या संशोधनातून निघालेल्या ‘इम्युनोॲक्ट’चा मार्ग मधला आहे. संशोधकच कंपनीच्या केंद्रस्थानी राहिले. परंतु २०२१ मध्ये औषधनिर्मितीतील ‘लॉरस लॅब्ज’ने तिच्यात सुमारे २६ टक्के हिस्सा घेतला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या कार-टी उपचारपद्धतीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता मिळाली. औषध उद्योगाचा अनुभव येथे प्रमुखाच्या रूपाने न येता भागधारकाच्या रूपाने आला.

महाराष्ट्रातील सर्वांत जुना व कदाचित सर्वांत बोधप्रद नमुना माटुंग्याच्या ‘यूडीसीटी’चा, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत प्रा. एम. एम. शर्मा यांच्यासारख्या अध्यापकांनी उद्योगांना सल्ला देण्याची परंपरा प्रतिष्ठेला नेली. केकी घरडा, अंजी रेड्डी यांच्यासारखे माजी विद्यार्थी रासायनिक व औषधी उद्योगांचे संस्थापक झाले. प्राध्यापकाने प्रश्न सोडवावा आणि कारखाना माजी विद्यार्थ्याने चालवावा, ही श्रमविभागणी कोणत्याही धोरणाविना तेथे रूढ झाली. तिच्यामागे प्राध्यापक आणि उद्योजक यांच्यात अनेक वर्षांच्या सहवासातून आलेला परस्परविश्वास होता. जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांकडे नेमकी हीच गोष्ट नाही आणि ती परिपत्रकाने निर्माण करता येत नाही.

४. २०१९ च्या धोरणाची चिकित्सा

तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये विद्यार्थी व अध्यापकांसाठी जाहीर केलेले नवोपक्रम व स्टार्टअप धोरण अनेक दृष्टींनी धाडसी आहे. संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान १ टक्का भाग या कार्यासाठी राखावा, अध्यापकाला एक सत्र वा एक वर्ष रजा देता यावी, संस्थेने कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा, अशा तरतुदी त्यात आहेत. ज्या संस्थांना कायद्याने भाग धारण करता येत नाहीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्थात्मक माध्यमाचा मार्गही सुचविला आहे.

तथापि धोरणाची अंतर्गत रचना तपासली असता एक गृहीतक सर्वत्र दिसते. कंपनी स्थापन करणारी व्यक्ती परिसराच्या आतलीच असणार, असे हे गृहीतक आहे. अध्यापकाची भूमिका मालक, प्रवर्तक, मार्गदर्शक, सल्लागार वा संचालक अशी कोणतीही असू शकते, असे धोरण सांगते. बाहेरच्या उद्योजकाची भूमिका मात्र प्रामुख्याने अतिथी व्याख्याता, मार्गदर्शक आणि सल्लागार अशीच कल्पिलेली आहे. तो कंपनीचा प्रमुख होऊ शकतो, यास कोठेही मनाई नाही. परंतु त्याचा शोध कोणी घ्यावा, निवड कोणी करावी, त्याला कोणत्या टप्प्यावर आणावे आणि त्याच्या वाट्याला काय यावे, याचा विचार धोरणात आढळत नाही.

याचा व्यावहारिक परिणाम भागवाटपात दिसतो. संस्थेच्या साधनांचा लक्षणीय वापर करून निर्माण झालेली बौद्धिक संपदा संशोधक व संस्था यांच्या संयुक्त मालकीची राहते आणि तिच्या परवान्याविषयी संशोधकांचा शब्द प्रमुख मानला जातो. संशोधकाच्या सन्मानाच्या दृष्टीने हे योग्य आहे. परंतु वीस वर्षे कारखाना चालविलेल्या व्यक्तीने स्वतःची पत आणि पैसा पणाला लावून अशा कंपनीत यावे, तर परवाना किती काळ टिकेल याची शाश्वती तिला हवी असते. संस्थेचा हिस्सा नियमाने ठरला आहे, अध्यापकाचे हितसंबंध नियमाने सांभाळले आहेत. जिच्या निर्णयांवर कंपनी तगणार, त्या व्यक्तीचा हिस्सा तेवढा अनिश्चित ठेवला आहे.

कायद्यात यासाठी साधन उपलब्ध आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५४ नुसार संचालक वा कर्मचारी यांना ज्ञान व कौशल्याच्या मोबदल्यात ‘स्वेट इक्विटी’ भाग देता येतात आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपला स्थापनेपासून दहा वर्षांपर्यंत भरणा भांडवलाच्या ५० टक्क्यांपर्यंत असे भाग देण्याची मुभा आहे. शैक्षणिक धोरण आणि कंपनी कायदा यांचा मेळ घालणारा आदर्श करारनामा महाविद्यालयांच्या हाती असता, तर ही अडचण बरीच कमी झाली असती.

दुसरी उणीव मूल्यमापनाची आहे. कार्यक्रमांची व नोंदणीकृत स्टार्टअपची संख्या मोजली की संस्थांचे लक्ष नोंदणीकडे वळते. विद्यार्थ्याच्या नावे कंपनी नोंदविणे सोपे असते. योग्य प्रमुख मिळेपर्यंत कंपनी न नोंदविणे हा अधिक शहाणपणाचा निर्णय असला, तरी तो कोणत्याही तक्त्यात गुण मिळवून देत नाही.

५. तारापूरच्या अनुभवाचे मोल

तारापूर वसाहतीतील अनुभव महाविद्यालयाला का हवा, हे रसायनशास्त्राच्या एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते. उष्णतादायी अभिक्रिया एक लिटरच्या काचपात्रात सुरळीत चालते. तीच त्याच आकाराच्या हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये नेली, तर घनफळ हजारपट वाढते आणि उष्णता बाहेर टाकणारे पृष्ठफळ केवळ शंभरपट वाढते. प्रत्येक लिटरमागे शीतनासाठी मिळणारा पृष्ठभाग एक-दशांश उरतो. प्रयोगशाळेतील ९० टक्के उत्पादन येथे निरुपयोगी ठरू शकते. प्रसंगी अपघातही होतो. हा हिशेब पाठ्यपुस्तकात असतो. परंतु शीतजलाचा पंप बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करावयाचे, हे ज्ञान पाळीप्रमुखाकडून चालत आलेले असते.

याखेरीज स्थापनेचे व चालविण्याचे संमतीपत्र, ज्याला वसाहतीत सर्वजण ‘कन्सेंट’ म्हणतात, ते मिळविणे व त्यातील अटी पाळणे, द्रावकाची पुनर्प्राप्ती, बॉयलरची तपासणी, कच्च्या मालाच्या दरातील चढउतार, ग्राहकाकडून थकलेली वसुली या गोष्टी आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत द्यावीत असे २००६ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात ती कशी वसूल करावयाची, हे ज्याने खेळत्या भांडवलाची चणचण सोसली आहे तोच जाणतो. तारापूरमध्ये असे जाणकार तीन प्रकारचे आहेत : लघुउद्योगांचे मालक, मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेले उत्पादनप्रमुख आणि अणुवीज केंद्र वा संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते. तिन्हींचे अनुभव भिन्न आहेत. मालकाला जोखीम व बाजार कळतो. उत्पादनप्रमुखाला प्रक्रिया कळते, परंतु पगाराची तजवीज करण्याची वेळ त्याच्यावर सहसा आलेली नसते. अणुकेंद्राच्या अभियंत्याकडे सुरक्षेची शिस्त असते, मात्र ग्राहक शोधण्याची सवय नसते.

जिल्ह्यातील सर्वच नवोपक्रम रासायनिक नाहीत, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला आणि बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या फळांवरील प्रक्रियेची कंपनी निघाल्यास तिला हंगाम, नाशवंतपणा, बागायतदारांशी असलेला व्यवहार आणि अन्नसुरक्षेचे नियम जाणणारा प्रमुख हवा. रंगद्रव्यांच्या कारखान्यातील तीस वर्षे तेथे फारशी उपयोगी पडणार नाहीत.

६. अनुभवाची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनातून तारापूरकडे केवळ संधी म्हणून पाहिले गेल्यास चित्र अपुरे राहील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरले. वसाहतीतील सांडपाण्यामुळे खाड्या व समुद्र दूषित होत असल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली आणि २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने प्रदूषणास जबाबदार घटकांवर भरपाईचे दायित्व निश्चित केले. जानेवारी २०२० मध्ये एका कारखान्यातील स्फोटात आठ जणांचे, तर ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषधनिर्मिती कारखान्यातील वायुगळतीत चार कामगारांचे प्राण गेले.

या घटनांचा संबंध प्रस्तुत विषयाशी थेट आहे. अनुभव ही नैतिकदृष्ट्या तटस्थ वस्तू नाही. नियम कसे पाळावेत याचा अनुभव असतो, तसा ते कसे चुकवावेत याचाही असतो आणि दोन्ही अनुभव वर्षांच्या हिशेबात सारखेच दिसतात. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेतून निघालेल्या कंपनीने नवापूरच्या किनाऱ्यावर आणखी दूषित पाणी सोडले, तर त्या संशोधनाचा लाभ कोणाला व हानी कोणाला, हा प्रश्न महाविद्यालयाला टाळता येणार नाही. त्याच किनाऱ्यावरील मच्छीमारांची मुले त्याच महाविद्यालयात शिकत असतात. म्हणून ‘अनुभवी उद्योजक’ ही पात्रता पुरेशी मानता येत नाही. त्याच्या कारखान्याचा सुरक्षेचा, संमतीपत्रांचा आणि कामगारांच्या देण्यांचा इतिहास हाही निवडीचा निकष असला पाहिजे.

उलट पक्षी, प्रदूषणाच्या भीतीने उद्योगाशी संबंधच ठेवावयाचा नाही ही भूमिकाही समर्थनीय नाही. सांडपाण्याचे प्रमाण घटविणारी प्रक्रिया, द्रावकाची बचत, वायुगळतीची पूर्वसूचना देणारी साधने या विषयांना तारापूरइतके योग्य क्षेत्र दुसरे क्वचितच मिळेल. अशा कंपनीचे नेतृत्व ज्याने या समस्या आतून पाहिल्या आहेत, त्यानेच करणे इष्ट आहे.

७. शोधाची दिशा

वरील चिकित्सेतून काही सूचना निष्पन्न होतात. पहिली सूचना क्रमाविषयी आहे. प्रमुखाचा शोध कंपनीच्या नोंदणीनंतर घेण्याची रीत बदलून तो संशोधन प्रयोगशाळेत असतानाच सुरू व्हावा. बाजाराविषयीचे प्रश्न लवकर विचारले गेले तर संशोधनाची दिशाही सुधारते.

दुसरी सूचना सहवासाविषयी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान पंधरा वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेल्या व्यक्तीस ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमता येते. मंजूर पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा आणि कमाल चार वर्षांचा काळ ही बंधने सांभाळूनही जिल्ह्यातील महाविद्यालयांना एक-दोन जाणकार बोलावता येतील. या पदाचा उपयोग केवळ व्याख्यानांसाठी न करता संशोधक आणि संभाव्य कंपनीप्रमुख यांना एकमेकांची पारख करण्याचा अवधी म्हणून करावा. यूडीसीटीत जो विश्वास पिढ्यांच्या सहवासातून आला, त्याची सुरुवात अशी होऊ शकते.

तिसरी सूचना करारासंबंधी आहे. प्रमुखाचा हिस्सा आरंभीच लेखी ठरावा आणि तो काही वर्षांच्या कामाशी निगडित राहून टप्प्याटप्प्याने हाती यावा. परवान्याची मुदत स्पष्ट असावी. सुरक्षा व पर्यावरणविषयक अटींचा भंग झाल्यास परवाना परत घेण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवावा.

चौथी सूचना व्यवस्थेविषयी आहे. एकेका महाविद्यालयाला अशी निवड झेपणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाचे पद निर्माण केले आहे. त्या पदाच्या पुढाकाराने जिल्ह्यातील महाविद्यालये आणि ‘तारापूर इंडस्ट्रियल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’ यांची संयुक्त निवड समिती स्थापन करता येईल. तिच्यात मच्छीमार व कामगार यांच्या प्रतिनिधींना स्थान असणे हे या परिसराच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर आवश्यक ठरते.

८. निष्कर्ष

विद्यापीठजन्य कंपनीला बाहेरचा प्रमुख नेहमीच लागतो असे नाही. सेडेमॅक व स्ट्रँड यांनी ते दाखविले आहे. परंतु त्या कंपन्यांच्या मागे ज्या संस्था होत्या, त्यांचे संशोधनाचे बळ, अध्यापकांना मिळणारा अवकाश आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांपाशी नाही. त्यांच्यासाठी अनुभवी प्रमुखाचा शोध ही गरज आहे. २०१९ च्या धोरणाने परिसराच्या आतील उद्योजकाला वाट करून दिली. बाहेरून येणाऱ्यासाठी ती अद्याप आखलेली नाही. पालघरच्या महाविद्यालयांना तो उद्योजक दोन स्थानकांच्या अंतरावर मिळू शकतो. त्याला व्याख्यानाला बोलावण्याबरोबर त्याच्याशी भागीदारीची बोलणी करण्याची तयारी आणि ती करताना त्याच्या कारखान्याच्या सांडपाण्याचीही चौकशी करण्याचे धैर्य, या दोन्ही गोष्टी महाविद्यालयांना स्वतःच कमवाव्या लागतील.